फूटपासून होणारे शब्द

“आजपासून या घरात ‘पाय’ हा शब्द बंद. एकदम बंद. जो उच्चारील त्यो माजा कुणी न्हवं.”

आप्पासोंनी सोप्यातल्या खांबावर तळहात आपटून ठराव मांडला. विकास सोसायटीचं चेअरमनपद सुटून बरीच वर्षं झाली होती, पण ठराव मांडायची सवय सुटली नव्हती. सूचक तेच, अनुमोदकही तेच. सभेला त्यांची भावजय अंबूबाई, पुतण्या साईराज आणि साईराजची बायको संयोगिता एवढेच हजर होते. धाकटा भाऊ नाथाजी दुपारी साताऱ्याच्या दवाखान्यातून घरी यायचा होता. जाताना तो दोन पायांवर गेला होता. येताना डावा गुडघ्याखाली नव्हता. आधी बोटाला साधं भेगेएवढं निमित्त झालं आणि मग साखरेनं तो नेला.

“माणूस आदीच खचल्याला,” आप्पासो म्हणाले. “फौजेत जल्मभर पोरांस्नी परेड शिकवली त्यानं. ड्रिलचा उस्ताद! त्येच्याम्होरं ह्यो शब्द काढायचा म्हंजी काळजात सुरी. ध्यानात आलं का?”

सभेनं माना हलवल्या. आप्पासो समाधानानं वळले, सोप्यातून अंगणात उतरले, आणि उतरताना भिंतीलगत ठेवलेल्या पाट्यावर त्यांचा अंगठा सणकून आपटला.

“आई आई आई! पाय! माजा पाय गेला की गं!”

रहिमतपूरच्या त्या गल्लीत हा आवाज पार वाण्याच्या दुकानापर्यंत गेला. ठराव अजून नीट वाळलाही नव्हता. तरी तो रद्द झाला नाही, कारण रद्द करायचा अधिकारही आप्पासोंकडेच होता आणि ते त्या वेळी अंगठा धरून बसले होते.

मग घरानं तो पाळला, आणि असा पाळला, की कुठल्या सरकारला आपला कायदा तसा पाळून घेणं जमलेलं नाही. दारातल्या पायपुसण्याला अंबूबाई ‘दारातलं फडकं’ म्हणू लागल्या. पायजम्याचा लेंगा झाला. पायरीचा दगड झाला. शेजारीण तानुबाई हळद मागायला आली की अंबूबाई आतूनच ओरडत, “दगडावरनं जपून गं!” आणि तानुबाई घाबरून कुठला दगड ते बघत बसे. टीव्हीवर कीर्तन लागलं, की बुवांच्या तोंडून आता काय निघणार याचा नेम नसल्यामुळे साईराज रिमोट हातात धरून बसायचा. विठ्ठलाच्या वर्णनाला सुरुवात झाली की लगेच क्रिकेट.

खरी पंचाईत नमस्काराची होती. नाथाजी म्हणजे गल्लीतला मोठा माणूस. कुणाचं लग्न ठरलं, कुणी भरतीला निघालं, कुणाचा निकाल लागला, की माणूस आधी येऊन त्यांच्या पायावर डोकं ठेवी. आता ठेवायचं कुठं? एका पायावर ठेवावं तर दुसऱ्याची जागा दिसते. दिसली की वाकणारा अवघडतो, आणि ज्याच्यापुढं वाकायचं तोही. आप्पासोंनी यावरही विचार केला होता. दसऱ्याला सोनं द्यायला गल्लीतली पोरं आली तेव्हा ते स्वतः दारात उभे राहिले आणि एकेकाच्या कानात सांगू लागले, “वाकायचं न्हाई. हात मिळवायचा. कळलं? हात.”

पोरं शहाणी होती. एकामागून एक आत गेली, नाथाजींच्या तळहातावर आपट्याचं पान ठेवून तोच हात दोन्ही हातांनी हलवून आली. नाथाजी पंचायतीला निवडून आल्यासारखं दिसत होतं. त्यांनी प्रत्येकाचा हात धरला, प्रत्येकाला ‘जय हिंद’ म्हटलं, आणि शेवटचं पोरगं गेल्यावर मधल्या खोलीत कॉटवर जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले. संध्याकाळी जेवले नाहीत. अंबूबाईंना वाटलं, साखर वाढली.

कृत्रिम पाय आला होता. शिबिरात माप घेतलं, काही आठवड्यांनी पुठ्ठ्याच्या खोक्यातून तो मिळाला, तिथल्या माणसांनी बसवून चालवूनही दाखवलं. घरी आल्यावर नाथाजींनी तो काढला, खोक्यात ठेवला आणि साईराजला सांगितलं, “कपाटावर टाक.”

“आबा, सवय करा म्हणालेत ते.”

“उभं ऱ्हाऊन करायचं काय?” नाथाजी म्हणाले. खोकं कपाटावर गेलं. त्यावर धूळ बसली, धुळीवर गोधडी आली, आणि घरानं त्याच्याबद्दलही बोलणं सोडलं.

अशा घरात संयोगिता एका गुरुवारी साताऱ्याहून एक शब्द घेऊन आली.

साताऱ्यातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाचवीला इंग्रजी शिकवणाऱ्या बाई दिवाळीनंतर सोडून गेल्या होत्या. जागेसाठी मुलींना बोलावलं. मुलाखतीत मुख्याध्यापिकेनं स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या ठेवल्या आणि सांगितलं, की प्रत्येकीनं एक चिठ्ठी उचलायची, तीवर रोजच्या वापरातला एक साधा इंग्रजी शब्द असेल, त्याला दुसरे शब्द जोडून तयार होणारे शब्द सोमवारी वर्गासमोर शिकवून दाखवायचे. पुस्तक नाही, फळ्यावर उतरवून देणं नाही. मुलं हलली पाहिजेत, बोलली पाहिजेत. एकीला ‘रेन’ आला. एकीला ‘सन’. संयोगितानं चिठ्ठी उघडली. ‘फूट’.

तिनं चिठ्ठीची परत घडी केली आणि विचारलं, “मॅडम, बदलून मिळेल का?”

“का? अवघड आहे?”

“नाही,” संयोगिता म्हणाली. “सोपाच आहे.” घरचं सगळं तिथं कसं सांगणार?

बसमध्ये कोरेगाव येईपर्यंत ती रडवेली होती. कोरेगावच्या पुढं राग आला. रहिमतपूरच्या स्टँडवर उतरली तेव्हा तिचं ठरलं होतं. माधवनगरच्या सूतगिरणीतल्या फिटरची ही मुलगी, मराठी शाळेतून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, बी.एड. झालेली. सांगलीत एकदा आणि कराडात एकदा अशाच परीक्षेच्या तासाला ती उभी राहिली होती. दोन्हीकडं तिचं इंग्रजी चोख होतं आणि दोन्हीकडं मागच्या बाकावरून एकच वाक्य आलं होतं, ‘मॅडम, ऐकू येत नाही.’ तिसऱ्यांदा ते ऐकून घ्यायचं नाही, एवढं तिनं स्वतःला बजावलं. त्यासाठी सराव पाहिजे, आणि सराव म्हणजे मोठ्यानं बोलणं. ज्या घरात पायपुसणं म्हणायची चोरी, त्या घरात.

म्हणून ती म्हशीकडं गेली. परड्यातल्या शेडमध्ये म्हैस एकटीच असायची आणि तिच्या काही भावना दुखावायच्या नव्हत्या.

“फूटबॉल,” संयोगिता म्हशीला म्हणाली. “फूटपाथ. फूटबोर्ड. फूटप्रिंट. फूटवेअर.”

म्हशीनं कान हलवला.

“कुणाशी बोलतीस गं?” अंबूबाई वैरणीचा भारा घेऊन मागं उभ्या.

“शाळेचं आहे, आत्या,” संयोगिता सासूला म्हणाली. “फूटचे शब्द.”

“फूट म्हंजी?”

“बारा इंच,” संयोगिता म्हणाली, आणि ते काही खोटं नव्हतं.

“मंग म्हशीला कशाला मोजतीस?” अंबूबाईंनी भारा टाकला आणि त्या गेल्या. आप्पासोंनाही पुढं हाच अर्थ सांगण्यात आला. शुक्रवार गेला. शनिवार उजाडला. म्हशीला बरेच शब्द पाठ झाले असावेत.

शनिवारी दुपारी ती अशीच दाव्याजवळ उभी राहून म्हणत होती, “फूटस्टेप. फूटनोट. फूटरेस्ट…”

“फूटड्रिल ऱ्हायलं.”

संयोगिता जागच्या जागी थिजली. शेडच्या बाजूला मधल्या खोलीची खिडकी होती. गजांच्या आड नाथाजींचा चेहरा होता, मिशा विंचरलेल्या, नजर सरळ.

“मामा,” ती म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. “तुम्हाला… ऐकू येत होतं?”

“म्हशीला येतंय. मला का यीऊ ने?”

“चुकलं माझं. म्हणजे मला…”

“चुकलंच. फूटड्रिल सोडलंस. फौजेत रंगरूट आला की पैलं तेच. रायफल मागनं. आदी फूटड्रिल.” ते थोडे थांबले. “आनि दुसरं चुकलं ते आवाजाचं. तुजा आवाज म्हशीपातूर जातूय, म्हशीच्या मागं जात न्हाई. मागल्या बाकाव बसल्यालं पोरगं काय ऐकणार, कपाळ?”

आपल्या दोन पराभवांबद्दल तिनं घरी कुणालाच नीट सांगितलं नव्हतं. ती खिडकीजवळ गेली.

“मग काय करू?”

“ऑर्डर कशी देत्यात म्हाईत हाय?”

“नाही.”

नाथाजींनी कॉटचा कठडा धरला, पाठ ताठ केली. “ऑर्डरीचं दोन भाग. पैला लांब. त्येनं माणूस जागा हुतो. दुसरा झटक्यात. त्येनं माणूस हलतो. आता बघ. तेऽऽऽज…”

त्या एका अक्षरावर म्हशीनं तोंडातली वैरण थांबवली. संयोगिताच्या टाचा आपोआप जुळल्या. वर आंब्यावरचा कावळा उडायच्या बेतात थबकला.

“…चल!”

कावळा उडाला.

“बघितलंस? ‘तेज’ला कुणी हलायचं न्हाई. हललं की मैदानाला चक्कर. का? ऑर्डर पुरी झाली न्हाई. तुजं ते ‘फूट’ तसंच हाय. त्येनं निस्तं पोरगं जागं करायचं. काय करायचं, लाथ मारायची का चालायचं का गाडीत चढायचं, ते फुडला शब्द सांगतो. तू दोन्ही एकाच दमात गिळतीस. म्हण आता.”

“फूटबॉल.”

“लांबीव.”

“फूऽट… बॉल.”

“अजून. पोटातनं. लाजू नगं, म्हैस घरचीच हाय.”

“फूऽऽऽट…” संयोगिताच्या गळ्यात काहीतरी मोकळं झालं, “बॉल!”

“शाब्बास! आता पाथ.”

शनिवारची दुपार आणि रविवारची सकाळ अशी खिडकीच्या आत एक आणि बाहेर एक असे दोघं बसले. नाथाजींकडं शब्दांचा साठा होता आणि त्यातले काही बरोबरही होते.

“फूटपट्टी,” ते म्हणाले.

“पट्टी मराठी आहे, मामा.”

“चालत न्हाई?”

“नाही.”

“फौजेत चाललं असतं,” ते नाराजीनं म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, “फूट इन्स्पेक्शन.”

“ते काय असतं?”

“रूटमार्च सपला, की समदी पोरं खाली बसायची. बूट काढून, फूट म्होरं करून. मी एकेकाचं हातात घिऊन बघायचो. फोड आलाय का. बोटांच्या मदी भेग हाय का. मोजं वलं हायत का. पोरं लाजायची, आता उस्तादाच्या हातात आपलं फूट म्हंजी! मी म्हणायचो, लाजू नगं रं, तुजं डोकं एक वेळ न्हाई चाललं तर चालंल, हे चाललं पायजे.” खिडकीच्या गजावर त्यांची बोटं होती. त्यांतलं एक हळूहळू गंज खरवडत होतं. “जल्मभर लोकांची बघितली. माजं बघायचं ऱ्हायलं.”

संयोगितानं म्हशीपुढची वैरण उगाच सारखी केली. दवाखान्यातून आल्यापासून ते त्याबद्दल पहिल्यांदाच बोलले होते, आणि एवढं बोलताना तो शब्द कुठंच आला नव्हता. ठराव शाबूत होता.

“फूट इन्स्पेक्शन घेते मी,” ती म्हणाली. “हा सगळ्यात चांगला आहे.”

त्याच वेळी आप्पासो परड्याच्या दारातून आत शिरले. गेले दोन-तीन दिवस बारा इंचांचा एवढा गवगवा कशाला, हे त्यांना पटत नव्हतं. सकाळी ते औषधाच्या दुकानात बीपीच्या गोळ्या आणायला गेले होते. तिथल्या पोराला त्यांनी सहज विचारलं होतं, आणि पोरानं काउंटरच्या मागून पाय वर करून दाखवला होता.

“संयोगिता!” आप्पासो गरजले. “फूट म्हंजी बारा इंच?”

“तेही होतं, आप्पा.”

“आनि दुसरं काय हुतं? सांग की. त्यो… त्यो ठरावातला शब्द हुतो का न्हाई?” त्यांना तो स्वतःही उच्चारता येईना. “सासरा खिडकीत बसलाय आनि सून त्येच्याम्होरं त्येचाच जप करतीया! काय म्हणायचं हेला? अंबू, तू तरी ऐकायचं हुतंस.”

अंबूबाई मागं येऊन उभ्या होत्या. “मला वाटलं, म्हस मोजतीया.”

“शाळेला फोन लाव. दुसरा शब्द घे. सूर्य घे, पाऊस घे, गाय घे. जगात शब्दांचा काय तोटा हाय व्हय?”

“चिठ्ठ्या संपल्या, आप्पा.”

“मंग जाऊ नगं. नोकरीचं बघू मागनं.”

संयोगितानं खिडकीकडं पाहिलं. नाथाजींनी मान वळवली होती. ते पुन्हा भिंतीकडं बघत होते, दसऱ्याच्या संध्याकाळी बघितलं तसं. मदत येणार नव्हती.

“मी जाणार,” ती म्हणाली. “आणि हाच शब्द घेऊन जाणार.”

ते ती काही ओरडून बोलली नाही. फक्त पहिला भाग लांब झाला आणि दुसरा झटक्यात आला. वाण्याच्या दुकानात साबण घेत असलेल्या तानुबाईनं विचारलं, “कुठं जाणार म्हणतीया ती?” आप्पासो थोडा वेळ उभे राहिले. ठरावाला विरोध झाल्याचा प्रसंग त्यांच्या कारकिर्दीत नवा होता. मग ते पाट्याला वळसा घालून निघून गेले.

सोमवारी सकाळी रिक्षा दारात येऊन हॉर्न वाजवत होती. संयोगिता निळी साडी नेसून, पर्स खांद्याला लावून मधल्या खोलीत आली. अंबूबाई दही-साखर घेऊन मागं.

“निघते, मामा.” आणि सवयीनं, घरात आता सगळेच करायचे तसे, तिनं लांबूनच हात जोडले.

नाथाजींनी त्या जोडलेल्या हातांकडं पाहिलं.

“तू बी लांबनंच?”

“अं?”

“न्हाई, जा. उशीर हुईल.” ते उशीचा अभ्रा सारखा करू लागले. “दसऱ्याला गल्लीतल्या समद्या पोरांनी येऊन हात मिळवला माज्याशी. फौजेतनं निघालो त्या दिवशी सीओ सायबांनी मिळवला हुता तसं. ‘थँक्यू, उस्ताद.’ म्हंजी झालं तुमचं, आता जा घरी. सायेब निरोपालाच हात मिळवत्यात. मी म्हणलं, बराबर हाय. अर्ध्या माणसाला कोण वाकंल?”

अंबूबाई वाटी घेऊनच पुढं आल्या. “आवं, तसं न्हवं…” त्या बोलू लागल्या आणि थांबल्या, कारण पुढचं सांगायचं तर तोच शब्द घ्यायला लागला असता.

बाहेर रिक्षाचा हॉर्न झाला. संयोगितानं जोडलेले हात सोडले.

“मामा, आता वेळ नाही,” ती म्हणाली. “पण आल्यावर मी पाया पडणार. हात मिळवणार नाही. नोकरी लागू दे नाही तर न लागू दे, पाया पडणार. दोन्ही पायांवर हात ठेवून.”

अंबूबाईंनी तोंडाला पदर लावला. एवढ्या महिन्यांत त्या घरात तो शब्द आप्पासोंच्या अंगठ्यानंतर पहिल्यांदाच निघाला होता आणि तोही तीनदा.

नाथाजींनी अभ्रा सोडला.

“एक कपाटावर हाय,” ते म्हणाले.

“मग काढून ठेवा,” संयोगिता म्हणाली, दही-साखर एका घासात खाल्ली आणि गेली.

शाळेत पाचवी ‘ब’चा वर्ग होता. मागच्या भिंतीला तीन खुर्च्या लावून मुख्याध्यापिका आणि दोन शिक्षक बसले होते. ‘रेन’वाली मुलगी छत्री घेऊन आली होती. ‘सन’वालीनं गॉगल आणला होता. संयोगिताच्या हातात काहीच नव्हतं.

“गुड मॉर्निंग, चिल्ड्रन. टुडे वुई विल…”

“मॅडम,” मागच्या बाकावरून आवाज आला, “ऐकू येत नाही.”

तीन खुर्च्यांतल्या एका शिक्षकानं मान खाली घालून काहीतरी खरडलं. संयोगितानं डोळे मिटले. परडं आठवलं, खिडकीचे गज आठवले. तिनं टाचा जुळवल्या.

“स्टँड अप,” ती म्हणाली. वर्ग उठला. मग मराठीत, “मी पहिला शब्द म्हणेन, तेव्हा कुणीही हलायचं नाही. जो हलेल त्याला वर्गाला चक्कर. दुसरा शब्द आला की ते करून दाखवायचं. कळलं? फूऽऽऽट…”

वर्गातली कुजबुज वायर तोडल्यासारखी थांबली. एक पोरगं हललं.

“चक्कर.”

पोरगं आनंदानं चक्कर मारून आलं.

“फूऽऽऽट… बॉल!”

पाचवी ‘ब’नं हवेत लाथ मारली. दोन बाक सरकले.

“फूऽऽऽट… स्टेप! फूऽऽऽट… बोर्ड!” वर्ग एसटीत चढला. “फूऽऽऽट… प्रिंट!” वर्गानं फरशीवर ठसे उमटवले. मग तिनं पहिला भाग फक्त म्हटला आणि दुसरा त्यांच्यावर सोडला. पाथ आला, वेअर आला, एका चष्मेवाल्या मुलीनं नोट आणला. एका गोल पोरानं ‘फूट… कंदी पेढा!’ असं ओरडून चक्कर मिळवली. फूट इन्स्पेक्शनला पाचवी ‘ब’ खाली बसली, बूट काढले आणि शेजाऱ्याचा पाय हातात घेऊन गंभीरपणे तपासू लागली. वास फार होता, पण कुणी लाजलं नाही.

शाळेच्या गेटवरचा वॉचमन माजी सैनिक होता. साताऱ्यात गेटवर दुसरं कोण असणार? सावलीत खुर्ची टाकून बसला होता. पहिल्या ‘फूऽऽऽट’लाच तो उठला, काठी बगलेत मारून ताठ झाला, आणि ‘विश्राम’ कुणी न दिल्यामुळे तास संपेपर्यंत तसाच राहिला.

तास संपला तेव्हा मुख्याध्यापिकेनं चष्मा काढून पुसला. “इंग्रजीची जागा आहेच,” त्या म्हणाल्या. “आमचे पी.टी.चे सर पण जानेवारीत रिटायर होतायत. तुम्ही… दोन्ही घ्याल का?”

संध्याकाळी संयोगिता गल्लीत शिरली तेव्हा दारात कुणीतरी उभं होतं. जवळ आल्यावर कळलं.

नाथाजी सोप्यात खांबाला न टेकता उभे होते. एका हातात काठी. मिशीला पीळ. कडक इस्त्रीचा सदरा, त्यावर जुना फौजी कोट. लेंग्याच्या खाली काळे बूट, दोन्ही, इतके चमकणारे की त्यांत अंगणातली तुळस दिसावी. अंबूबाई उंबऱ्यात, हातात पॉलिशचं फडकं. दोन्ही गालांवर काळं लागलेलं. आप्पासो पाट्यावर बसून होते आणि आपण इथं नेमकं कुठल्या नात्यानं बसलो आहोत याचा अंदाज घेत होते.

“कवाधरनं उभं हायत,” अंबूबाई म्हणाल्या. “बसा म्हणलं तर ऐकत न्हाईत. ऑर्डर हाय म्हंत्यात.”

नाथाजींनी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही.

“आवाज?” त्यांनी संयोगिताला विचारलं.

“गेटपर्यंत गेला, मामा.”

“जागा?”

“लागली. इंग्रजीची.” ती थांबली. “आणि पी.टी.ची.”

नाथाजी आणखी ताठ झाले.

संयोगितानं पर्स दगडावर ठेवली. पदर खांद्यावर घेतला आणि ती वाकली. उजवा हात एका बुटावर, डावा दुसऱ्यावर. एक बूट थोडा गरम होता. दुसरा गार होता. गार बुटावरचा हात तिनं जरा जास्त वेळ ठेवला.

गल्लीत तानुबाई थांबली होती, वाणी दुकानाच्या फळीवर आला होता. आप्पासो नकळत उठून उभे राहिले होते. नाथाजींचा हात सावकाश संयोगिताच्या डोक्यावर आला आणि तिथंच राहिला. त्यांनी घसा साफ केला. ते आता काहीतरी मोठं बोलणार हे सगळ्यांनाच कळलं, आणि आप्पासोंनी तर ऐकताना मान कशी हलवायची तेही ठरवून ठेवलं.

“संयोगिता.”

“हं, मामा.”

“वाकलीच हायस, तर तेवढा मोजा वर वढ. मगाधरनं दिसतूय घसरल्याला, मला वाकता येत न्हाई.”

“कुठला, मामा?”

“डाव्या पायाचा.”